मॅडम, कुत्र्यासाठी माणूस इतका खचतो का?

"पोटचं पोर गेल्यासारखं करताहेत हो हे. कुत्रं होतं ते. इतकं होतं का कुणाला?"

काकू हे म्हणाल्या तेव्हा काका शेजारच्याच खुर्चीत होते. मान खाली, मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद दोन्ही हातांनी धरलेले. दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षातून बऱ्याचदा येतो. कधी मुलगी आईबद्दल विचारते, कधी नवरा बायकोबद्दल. कधी मांजर असतं, कधी पोपट. विचारणाऱ्याला खरं तर एवढंच हवं असतं की कुणीतरी सांगावं, हे जरा जास्तच होतंय. या दोघांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकीकत लिहिते आहे, कारण असे कितीतरीजण कुणापुढे तोंडच उघडत नाहीत.

काका ६६ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बंड्या म्हणजे डेपोच्या भिंतीलगत सापडलेलं गावठी पिल्लू. काकांनी ते निवृत्तीच्या तीन वर्षं आधी खाकी शर्टात गुंडाळून घरी आणलं. अकरा वर्षं तो या घरात होता. पहिल्या पाळीसाठी साडेतीनला उठायची काकांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. डोळा उघडायचा तोवर बंड्या दारापाशी उभा. मग वडाळ्याहून चालत फाइव्ह गार्डन्स, तिथे दोन फेऱ्या, येताना दुधाच्या पिशव्या. बंड्या जाऊन सात आठवडे झाले होते. काका अजूनही साडेतीनला उठत होते, पट्टा हातात घेऊन अंधारात बसत होते आणि उजाडलं की परत आडवे होत होते. चालणं बंद, जेवण अर्ध्यावर, मधुमेहाच्या गोळ्यांचं भान नाही.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. दुःख होणं स्वाभाविक आहे, प्राण्याशीही माणसाइतकंच घट्ट नातं जुळतं, असं मी बराच वेळ सांगत राहिले. काका "हो, हो" म्हणत होते. समजूत काढणाऱ्यांना असं "हो, हो" ते सात आठवडे म्हणत होते, आणि मी त्यांच्यात आणखी एक. गोळ्यांसाठी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायला लावलं, तेवढंच त्या भेटीतलं कामाचं. जगण्यात अर्थ वाटत नाही, असं काही मनात येतं का, हेही सरळ विचारलं. नाही म्हणाले. हा प्रश्न विचारायला घरच्यांनीही घाबरू नये. विचारल्याने असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि उत्तर "हो" आलं तर थांबायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञ गाठायचे. रात्री-अपरात्री कुणी मिळालं नाही तर सरकारच्या टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या भेटीत मी सांगायचं सोडून विचारायला लागले. गाव कुठलं? संगमेश्वरजवळचं. घरी बैल होते? होते. त्यातला एक गेला तेव्हा काय झालं?

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. "वडील दोन दिवस पानावर बसले नाहीत. वाडीतली माणसं ओटीवर येऊन बसायची. कुणी काही बोलायचं नाही. विडी ओढायची, बसायची, जायची."

"आणि बंड्या गेला तेव्हा?"

"मेहुण्याने विचारलं, तेरावं घालणार का?"

महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनाची सोय केली, तिथे ते बंड्याला घेऊन गेले होते. परत आले तर घरी टीव्ही चालू. ओटीवर बसायला कुणी नाही, कारण ओटीच नाही. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाला नाव दिलं. उघडपणे मान्य होत नाही, चारचौघांत व्यक्त करता येत नाही, ज्याला आजूबाजूचा आधार मिळत नाही, असा शोक. मी त्याला हक्क नाकारलेला शोक म्हणते. तो हलका नसतो, उलट तो एकट्यानेच वाहावा लागतो. "ही शहरातली फॅडं" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. जनावर गेलं की घर उपाशी राहायचं, हे आपल्याच आजोबांच्या घरी घडलेलं आहे. आपण फक्त ते विसरलो.

त्या दिवशी काका बंड्याबद्दल चाळीस मिनिटं बोलले. त्यातलं एक वाक्य मी लिहून ठेवलं आहे. "बसमध्ये लोकांनी माझ्यापुढे हात केला मॅडम, तोंड कुणी केलं नाही. हा मात्र बघायचा." कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. बाळ आणि आई यांच्यातला जिव्हाळा घट्ट करणारं तेच संप्रेरक. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "त्याला कळत होतं, एवढं मला माहीत होतं."

तरीही काहीतरी अडकलेलं होतं. शेवटच्या दिवसाचा विषय आला की ते "मी सही केली" एवढंच म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

बंड्याच्या किडन्या गेल्या होत्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा, चढत चाललेलं, दोन आठवडे रोज टॅक्सीने परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात सलाईन, शेवटी पाणीही पोटात टिकेना. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन सोडवायचा पर्याय समोर ठेवला. ज्या घरांवर ही वेळ येते तिथे अपराधीपण हमखास येतं. लवकर केलं का, उशीर केला का, अजून एक सलाईन लावलं असतं तर? इथेही तेच असणार, असं मी धरून चालले होते. तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, तो दिवस सकाळपासून सांगा, टॅक्सीत बसल्यापासून. घाई नाही.

टॅक्सी, रांग, कागद, सही. इथपर्यंत आले आणि पिशवीचे बंद पिळायला लागले. मग म्हणाले, "मी बाहेर गेलो."

"कुठून?"

"खोलीतून. सही केली आणि बाहेर बाकावर जाऊन बसलो. तो मला शोधत असणार. अकरा वर्षं मी दिसलो नाही की दाराकडे बघत बसायचा. शेवटीही दाराकडे बघत गेला असणार."

सात आठवडे पहाटे साडेतीनला ते ज्या दाराकडे बघत बसायचे, ते घरचं नव्हतंच.

मी काकूंकडे वळले. त्या वेळी खोलीत त्या होत्या. नवऱ्याने कधी विचारलं नव्हतं आणि त्याला त्रास होईल म्हणून त्यांनीही सांगितलं नव्हतं. काकूंनी आधी पदर नीट केला, मग बोलायला लागल्या.

"अहो, तो दाराकडे बघत नव्हता. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. माझ्या मांडीवर डोकं होतं. घोरत होता तुमच्यासारखा. तुमचा शर्ट होता ना त्याच्याखाली अंथरलेला, त्यात नाक खुपसून घोरत होता."

काका रडले. सगळं अंग हलत होतं. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांचेही डोळे वाहत होते. मग एकदम त्यांनी मलाच सांगितलं, "मॅडम, मी अजून बुधवारी कोंबडीवाल्याकडून पाय आणते. त्याच्यासाठी शिजवायची ना. आणते आणि फ्रीजमध्ये टाकते. यांना दिसू देत नाही. डबा भरलाय."

"पोटचं पोर गेल्यासारखं करताहेत" म्हणत आलेल्या बाईने सात आठवडे स्वतःचं दुःख फ्रीजमध्ये, वाटाण्याच्या पाकिटांमागे लपवून ठेवलं होतं. घरात एक माणूस कोसळला की दुसरा सावरायच्या कामाला लागतो आणि त्याच्या वाट्याचं राहून जातं. म्हणून मी हल्ली पहिल्याच भेटीत तक्रार घेऊन येणाऱ्याला विचारते, तुमचं काय?

त्यानंतरच्या भेटी साध्या होत्या. पट्टा, ताट, गादी एका दिवशी आवरायची नाही, जे ज्या दिवशी जमेल ते त्या दिवशी. साडेतीनला जाग आली तर पट्टा घेऊन बसण्यापेक्षा चहा टाकायचा आणि काकूंना उठवायचं. काकू कुरकुरत उठल्या, पण उठल्या. पुण्याच्या मुलीने तोवर लॅब्राडोरच्या पिल्लाचे आगाऊ पैसे भरले होते, वाढदिवसाला बाबांना अचानक द्यायचं म्हणून. तिला मी फोनवर थांबवलं. तिची माया खरी होती. पण रडून व्हायच्या आधी हातात आलेल्या पिल्लाकडे माणूस कौतुकाने बघूच शकत नाही. त्याची सतत गेलेल्याशी तुलना होते आणि ते बिचारं दर वेळी कमी पडतं. आणायचं की नाही, कधी आणि कुठलं, हे ज्याचं गेलं त्याने ठरवायचं.

चौथ्या महिन्यात दोघं शेवटचे आले. काकांची साखर आटोक्यात होती. बुधवारचे पाय आता रेल्वे लायनीजवळच्या कुत्र्यांना जातात. काकू शिजवतात, काका पिशवी घेऊन जातात. त्यातल्या एकाचा कान बंड्यासारखा दुमडलेला आहे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मुलीने फोनवर पुन्हा विचारलं होतं, पिल्लू बघू का?

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, पावसाळा जाऊ दे. ओलीत लहान पिल्लाला सर्दी होते."