आधी २५ नंबरने जा

बाळा,

रात्री दोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "आठ आठवडे झाले काका, पण लंडनला आलोय असं वाटतच नाही. इलफर्डची खोली आणि माईल एंडचं कॉलेज, बस्स. परत जावं का?" दिवसभर कामात लक्ष लागलं नाही माझं.

परत जायचं की नाही ते नंतर बघू. आधी सांग, कॉलेजला कसा जातोस? एलिझाबेथ लाइनच्या रेल्वेने स्ट्रॅटफर्ड, तिथून सेंट्रल लाइनने बोगद्यातून माईल एंड. बरोबर ना? मान मोबाइलमध्ये घातलेली, ती कॉलेजच्या दारात वर येते. अशानं गाव कसं दिसणार?

उद्यापासून २५ नंबरच्या बसने जा. इलफर्डहूनच सुटते. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या सीटवर बस. वेळ जास्त लागेल. लागू दे. लवकर ऊठ.

बो नावाचा भाग आला की रस्त्याच्या ऐन मध्यात एक जुनं चर्च उभं दिसेल, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. तास नसतील त्या दिवशी माईल एंडला उतरूच नकोस, तसाच पुढे जा. व्हाइटचॅपलचा भाजीबाजार लागेल, तिथं कारली आणि भेंडी मिळतात. मग उजवीकडे बघू नकोस, डावीकडे बघ. अल्ताब अली पार्क. ४ मे १९७८च्या संध्याकाळी कामावरून घरी निघालेल्या या बांगलादेशी कापड कामगाराला तिथं भोसकून मारलं. त्यानंतर हजारो माणसं रस्त्यावर उतरली. बागेला त्याचं नाव मिळालं १९९८ साली. तिथून चार पावलांवर ब्रिक लेन. तिथली मशीद मुळात १७४३ साली फ्रान्समधून जीव वाचवून आलेल्या प्रोटेस्टंटांनी बांधलेलं चर्च, पुढे ज्यूंचं सिनेगॉग, आणि १९७६पासून मशीद. एकाच इमारतीत तीन पिढ्यांचे परके येऊन रुजले, आणि तू जमिनीखालून येऊन तिच्या अलीकडेच उतरतोस आणि मला विचारतोस, मी इथं का रुजत नाही!

रागावलो नाही. मीही हेच केलंय, म्हणून जीव तुटतो.

मी २००३च्या सप्टेंबरात आलो. वडील वाई डेपोला एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. दर रविवारी कॉलिंग कार्डावरून फोन करायचो आणि ते दरवेळी एकच विचारायचे, "तिकडं बशीला कंडक्टर असतो का रे?" तेव्हा असायचा. जुन्या रूटमास्टर गाड्या धावत होत्या, मागे उघडा दरवाजा आणि दारात कंडक्टर. मी म्हणायचो, "बघून सांगतो." दोन वर्षं बघून सांगतो. मला घाई होती, मी ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने जायचो. २००५च्या ऑगस्टमध्ये वडील गेले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला रोजच्या सेवेतली शेवटची रूटमास्टर, १५९ नंबरची, ब्रिक्स्टनला गेली. मी फुटपाथवर गर्दीत उभा होतो. चढायला मिळालं नाही. नंतर कुणीतरी सांगितलं, तिथंही एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. अगदी एसटीसारखं. एवढं एक वाक्य वडिलांना फोनवर सांगता आलं असतं.

तेव्हापासून मी बसने जातो. घरचे म्हणतात, गाडी दारात असताना हा हट्ट कशाला. ऑफिसातही लोकांना वाटतं मी वेळ घालवतो. घालवत नाही. या शहरातल्या ज्या चार माणसांना मी आपली म्हणतो, त्यातली दोन मला बसच्या स्टॉपवर भेटली. मी चुकत नाही यात.

पैशाचं कारण देऊ नकोस. बस ट्यूबपेक्षा स्वस्त आहे, आणि २०१८पासून तासाभरात कितीही बसा बदलल्या तरी भाडं एकाच प्रवासाचं कापलं जातं. प्रत्येक गोष्टीला शंभराने गुणणंही बंद कर. पौंडात खर्च आहे, पौंडातच मोज.

बाकीचं भराभर सांगतो. जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदव, आजारी पडायच्या आधी. व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज भरलायस, नोंदणीला वेगळे पैसे नाहीत. खोलीचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागत असतील तर देऊ नकोस. दिलेलं डिपॉझिट घरमालकाने कुठल्या सरकारमान्य योजनेत ठेवलं त्याचा कागद माग, तीस दिवसांत ठेवावं लागतं. लाजू नकोस. आणि तुझा खोलीतला मित्र डिलिव्हरी ॲपवरचं आपलं अकाउंट भाड्याने देतो म्हणतोय, त्याला स्पष्ट नाही म्हण. ते काम स्वतःचा धंदा धरतात, तो तुझ्या व्हिसावर चालत नाही, आणि टर्म चालू असताना नोकरीही आठवड्याला वीस तासच. पकडला गेलास तर आईने गहाण ठेवलेले दागिने कुणाच्या जिवावर सोडवणार?

डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो. मन खचतं, माझंही खचायचं. त्या दिवसांत बोगद्यात शिरलास की उजेड मिळतच नाही. पुन्हा तेच सांगतोय, मला माहीत आहे. बसने जा. वर बस. खिडकीतून जे दिसेल त्यातली एक गोष्ट रोज आईला फोनवर सांग. "सगळं ठीक आहे" असं सांगू नकोस, तिला ते खोटं लगेच कळतं. चर्च सांग, कारल्याचा भाव सांग.

शनिवारी सकाळी नऊला मी इलफर्डला येतो. स्टेशनच्या आत जाऊ नकोस, २५च्या स्टॉपवर थांब. बँक नावाच्या स्टॉपपर्यंत जाऊ, मग बसा बदलत चॉक फार्म. तिथून किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरापर्यंत चालू. १९२१-२२मध्ये बाबासाहेब तिथं राहून शिकत होते, दारावर पाटी आहे. डबा मी आणतो. वरच्या मजल्यावर पुढचं सीट दोघांचं असतं. तू खिडकीशी बस.

तुझा,
काका