आजाऱ्याच्या खाटेजवळ

प्रिय मुला,

सप्रेम सलाम.

चर्चच्या पाळकांनी तुला आजाऱ्यांच्या भेटींना पाठवलं आणि तुझ्याच वयाच्या कॅन्सरच्या पेशंटनं विचारलं, 'देवानं मलाच का निवडलं?' यावर काय बोलायचं, असं तू विचारतोस. माझं ऐकशील तर उत्तर घेऊन जाऊच नकोस. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी (ईयोब ४२:७) देव रागावतो तो त्यांच्यावर. देवाशी वाद घालणारा ईयोबच माझ्याविषयी योग्य बोलला, असं म्हणतो.

केमोच्या डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा तुला साधी सर्दी असली तरी जाऊ नकोस, फोन कर. एरवीही हात धुऊनच आत जा. अत्तर लावू नकोस, घरचं तळण नेऊ नकोस; नुसत्या वासानं मळमळतं. खुर्ची ओढून बस. उभा राहणारा निघायच्या घाईत वाटतो. पंधरा मिनिटं पुरेत.

वाचायला स्तोत्र १३ घे. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा. पेशंटच्या मनातलं गाऱ्हाणं पवित्र शास्त्रातच आहे हे कळलं की त्याला तक्रार करायची भीती उरत नाही. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचं वचन नाही. म्हणून आपण ते टाळतो, पण काही रात्री तेवढंच खरं वाटतं. स्तोत्र २३ त्यानं मागितलं तरच वाच. अनेकांनी ते अंत्यविधीतच ऐकलेलं असतं. रोमकरांस ८:२८ तू होऊन काढू नकोस. सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं, हे सोसणाऱ्यानं म्हटलं तर साक्ष. धडधाकट माणसानं म्हटलं की तोंड बंद करणं होतं. त्याच अध्यायातलं २६वं वचन जवळचं: प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा कण्हून मध्यस्थी करतो.

'विश्वास कमी पडला' असं कुणी म्हणालं तर मात्र गप्प बसू नकोस. प्रेषित पौलानं आपला सोबती त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडलं (२ तीमथ्य ४:२०), त्याच्या विश्वासावर ठपका न ठेवता. जन्मांधाविषयी 'पाप कुणाचं?' हा प्रश्न येशूनं योहान ९:३ मध्ये मोडीत काढला. प्रार्थनेच्या नावाखाली कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल तर त्याच दिवशी पाळकांना आणि घरच्यांना कळव.

याकोब ५:१४ नुसार तेल लावून प्रार्थना करण्यासाठी मंडळीच्या वडीलजनांना (पुढाऱ्यांना) आजाऱ्यानं बोलवायचं असतं. म्हणून आधी त्याला विचार. तेल कपाळावर थेंबभर पुरे. डोक्याला रेडिएशन चालू असेल तर तेथे नको, हातावर लावा. भाजलेल्या कातडीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावायचं नसतं.

दुखणं सोसण्यात पुण्य आहे असं समजून काही जण मॉर्फिन नाकारतात. हे ख्रिस्ती शिक्षण नव्हे. मॉर्फिनची साधी (लगेच काम करणारी) गोळी बहुधा दर चार तासांनी, घड्याळ बघून घ्यायची असते. कळ उठायची वाट पाहिली तर ती आटोक्यात यायला वेळ लागतो. बद्धकोष्ठ बहुतेकांना होतंच, त्याचं औषध डॉक्टरांकडून सोबत मागून घ्यायला सांग. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवलं की बोटं झिजतात ती संवेदना गेल्यामुळे, न कळलेल्या जखमांनी. त्यावरून 'वेदना ही देणगी' असं प्रवचनांत येतं. खरं आहे, पण हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटला ते ऐकवू नये. त्याच्या वेदनेनं द्यायचा इशारा कधीच देऊन झालेला असतो.

मग अर्थाचं काय? पौलानं शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली. काटा गर्व होऊ नये म्हणून, असं तो स्वतःच सांगतो (१२:७), पण काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' एवढंच मिळालं (२ करिंथ १२:९). म्हणून निघताना विचार: 'आज कशासाठी प्रार्थना करू?' बऱ्याचदा बरं होणं मागितलंच जात नाही. मुलीची दहावी, भावाशी तुटलेलं बोलणं, शेजारच्या खाटेवरचा एकटा म्हातारा. जे सांगेल तेवढंच त्याच्याच शब्दांत माग, दोन मिनिटांत. अर्थ तिथून उमटू लागतो, आणि तो त्याचा असतो. तू नाव देऊ नकोस.

पहिल्या महिन्यात मंडळीतले सगळे येतात, मग गर्दी ओसरते. तुझी भेट तेव्हासाठी राखून ठेव. रात्रभर जागलेल्या आईला तासभर झोपू दे, तोवर तू बस.

तुझा,
काका