साक्षीदाराचा नंबर आरोपीकडे कसा जातो?

प्रश्न : ठाण्यातल्या वागळे इस्टेटला माझं किराणा दुकान आहे. आठ महिन्यांपूर्वी दुकानासमोर एका मुलावर चाकूहल्ला झाला. मी पाहिलं होतं, म्हणून जबाब दिला. आरोपी आता जामिनावर सुटलाय. त्याचे दोन मित्र रोज संध्याकाळी काउंटरला टेकून उभे राहतात. शिवी नाही, धमकी नाही, "काका, कोर्टात नीट आठवून बोला" एवढंच. मग फोन यायला लागले. पोलीस ठाण्यात गेलो तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून परत पाठवलं. माझा नंबर त्यांच्याकडे गेला कसा? आता काय करू?

उत्तर : नंबर बहुधा दोषारोपपत्रातून (चार्जशीटमधून) गेला. जबाबाचा पहिलाच परिच्छेद पाहा : नाव, वय, धंदा, "राहणार", मोबाइल क्रमांक. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते, तो त्याचा हक्कच आहे. त्या प्रतीसोबत तुमच्या घराचा पत्ताही त्याच्याकडे पोहोचतो. जबाबातला एखादा भाग आरोपीला देऊ नये असं वाटलं तर तपास अधिकारी तशी टीप जोडून दंडाधिकाऱ्यांना विनंती करू शकतात, पण ती वेळ दोषारोपपत्र दाखल करतानाची. ज्यांचा जबाब अजून व्हायचा आहे त्यांनी आधीच लेखी विनंती द्यावी : मोबाइल आणि पत्ता जबाबात नको, वेगळ्या बंद पाकिटात ठेवा.

एन.सी.वर थांबू नका. खोटी साक्ष द्यावी म्हणून कुणाला जिवाची, अब्रूची किंवा मालमत्तेची धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली दखलपात्र गुन्हा आहे, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. घरच्या माणसावरून दिलेली धमकीही यात येते. "हे कोर्टात सांगा" असं म्हणून पोलिसांना हात झटकता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये याच गुन्ह्याबद्दल स्पष्ट केलंय की पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात. अडचण वेगळीच असते. "ते येऊन उभे राहतात, भीती वाटते" या वाक्यावर गुन्हा उभा राहत नाही. म्हणून आजपासून वहीत रोजची नोंद ठेवा : तारीख, वेळ, कोण आलं, नेमके कोणते शब्द उच्चारले, दुकानात आणखी कोण होतं. दुकानाचा कॅमेरा किती दिवसांचं चित्रण ठेवतो ते आधी तपासा. अनेक डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारी पेटी) काही दिवसांतच जुन्यावर नवं चढवतात, त्यामुळे त्या संध्याकाळचा भाग लगेच वेगळा काढून ठेवा. फोनवरचे मेसेज पुसू नका, उत्तर देऊ नका, हँडसेट बदलू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर बचाव पक्ष पहिली हरकत घेतो. असा पुरावा दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) नोंदवावी लागते. मूळ फोन हाताशी असेल तर हे काम सोपं जातं.

दुसरं पाऊल साक्षीदार संरक्षणाच्या अर्जाचं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याचं बंधन घातलंय. 2018 च्या योजनेप्रमाणे निर्णय जिल्हा समिती घेते : जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, जिल्ह्यातल्या अभियोग विभागाचे (सरकारी वकिलांच्या विभागाचे) प्रमुख सदस्य सचिव. अर्ज सदस्य सचिवांमार्फत जातो. तो विहित नमुन्यात असतो आणि त्यातला जड रकाना एकच : धमकी कधी, कुठे, कशी आणि कोणत्या शब्दांत. तुमची वही इथे कामाला येते. दुसऱ्या रकान्यात तातडीचं संरक्षण मागा. समिती निर्णय होईपर्यंत अंतरिम आदेश देऊ शकते.

अर्ज आला की समिती विभागाच्या सहायक पोलीस आयुक्तांकडून धोका विश्लेषण अहवाल मागवते. त्याला 5 कामकाजाचे दिवस, अहवाल आल्यावर अर्ज निकाली काढायला आणखी 5. जिवाला धोका असेल तर श्रेणी अ, सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला असेल तर ब, त्रास आणि दमदाटी असेल तर क. संरक्षण एका वेळी 3 महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही, पुढे पुन्हा आढावा. एक गोष्ट आधी पाहून घ्या : तुमच्या प्रकरणात कोणतं कलम लागलंय. हत्याराने साधी दुखापत एवढंच असेल तर शिक्षा 3 वर्षांपर्यंत, आणि एवढ्या कमी शिक्षेचा गुन्हा योजनेच्या व्याख्येबाहेर राहू शकतो. गंभीर दुखापत किंवा खुनाचा प्रयत्न असेल तर तो आत येतो.

काय मागायचं यावर थोडं सांगतो. बहुतेक जण बंदूकधारी पोलीस मागतात. दुकानासमोर पोलीस बसवला की साक्षीदार कोण हे अख्ख्या गल्लीला कळतं आणि गिऱ्हाईकही तुटतं. तुमच्यासारख्याला गस्त, नवा फोन नंबर, दुकान-घरात कॅमेरा आणि साक्षीच्या दिवशी सरकारी गाडी हे जास्त उपयोगी पडतं. योजनेत ही सगळी तरतूद आहे.

शेवटचं, जामिनाच्या आदेशाची प्रत काढा. साक्षीदारांवर दबाव आणू नये ही अट बहुतेक आदेशांत असते. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की प्रकरणाची स्थिती दिसते, आदेश अपलोड झाला असेल तर तोही मिळतो. अट मोडल्याचा पुरावा घेऊन सरकारी वकिलांना भेटा आणि जामीन रद्द करण्याचा अर्ज करायला सांगा.

प्रश्न : खारघरला आमच्या सोसायटीत खून झाला. पोलीस ठाणं नवी मुंबई आयुक्तालयाचं. मग अर्ज ठाणे जिल्ह्याला करायचा का?

उत्तर : नाही. इथे भलेभले चुकतात. नवी मुंबई आयुक्तालय दोन जिल्ह्यांवर पसरलंय : वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उरण रायगडमध्ये. अर्ज गुन्हा घडला त्या जिल्ह्याच्या समितीकडे जातो. म्हणजे तुमचा रायगडकडे, अलिबागला. ठाण्याला दिलेला अर्ज नुसता फिरत राहील. अलिबागची फेरी नको असेल तर आधी पनवेल न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात विचारा. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाची 15100 ही हेल्पलाइन आहे. महिलांना उत्पन्नाची अट नाही.

खुनाचं प्रकरण आहे तर दंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 183 खाली जबाब द्यायला तयार राहा. ज्या गुन्ह्याला 10 वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा आहे, त्यात पोलिसांनी साक्षीदार आणला की दंडाधिकाऱ्यांना जबाब नोंदवावाच लागतो. शपथेवर दिलेला जबाब असला की तो फिरवण्यासाठी दबाव आणण्यात समोरच्याला फारसा फायदा उरत नाही.

प्रश्न : कळव्यात आईने भांडण पाहिलं. ती 63 वर्षांची आहे. तिला चार वेळा चौकीत बोलावलं, जबाबावर सही घेतली. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही चूक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 179 प्रमाणे महिलेला जबाबासाठी तिच्या राहत्या घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही, वय काहीही असो. 60 वर्षांवरच्या माणसालाही नाही. पोलिसांना घरी यायला सांगा. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. शेवटी "वाचून पाहिला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे" असं छापील वाक्य येतं. ते खरोखर वाचून, चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यायला आईला सांगा. चाकू डाव्या हातात होता की उजव्या, एवढ्याशा तफावतीवरही उलटतपासात अर्धा तास जातो.

प्रश्न : समन्स आलंय. ठाणे न्यायालयात आरोपीचे नातेवाईक बाकावर शेजारीच बसतात. टाळता येईल का?

उत्तर : येतं. तारखेच्या दोन दिवस आधी पैरवी अंमलदाराला (न्यायालयातलं काम पाहणाऱ्या पोलिसाला) आणि सरकारी वकिलांना सांगा, त्यांच्या दालनात बसू देतात. लहान मूल किंवा लैंगिक अत्याचाराची पीडित साक्षीदार असेल तर असुरक्षित साक्षीदार कक्ष (अशा साक्षीदारांसाठीची वेगळी खोली) लेखी मागा. साक्ष झाली की त्याच दिवशी न्यायालयाच्या कार्यालयात प्रवासभत्त्याचा अर्ज द्या, नंतर पुन्हा खेटा पडतो.