न्यूरोपॅथॉलॉजीची फेलोशिप करावी का, आणि जागा कशी निवडावी?

पॅथॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय, मेंदूच्या ट्यूमरच्या स्लाइड बघायला आवडतात, तर पुढे न्यूरोपॅथॉलॉजीची (मेंदू, नर्व्ह आणि स्नायूंचं ऊतक तपासून आजार ओळखण्याच्या शाखेची) फेलोशिप करावी का आणि कुठे, असं तुम्ही विचारलंय. मी याच शाखेत काम करतो. जरूर करा. फक्त ट्यूमरची संख्या बघून जागा ठरवू नका. जिथे नियमित ब्रेन कटिंग, म्हणजे मृत्यूनंतर काढलेल्या मेंदूचे काप करून तपासणं, होतं आणि मसल, नर्व्हच्या बायोप्सी येतात, तिथे जा.

ट्यूमरचं काम बहुतेक ठिकाणी मिळतंच, आणि त्याला आता पक्के निकष आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात आयडीएच म्युटेशन (आयडीएच जनुकातला बदल) आणि १पी/१९क्यू को-डिलीशन (गुणसूत्र १ आणि १९चे ठरावीक भाग एकत्र गळणं) ही दोन्ही असली तरच ट्यूमरला ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा म्हणायचं. आयडीएच-म्युटंट ॲस्ट्रोसायटोमा स्लाइडवर कितीही शांत दिसला, तरी सीडीकेएन२ए/बी या जनुकांची होमोझायगस डिलीशन (दोन्ही प्रती गळणं) सापडली की तो ग्रेड ४, म्हणजे सर्वात आक्रमक. हे शिकायला मेहनत लागते, पण अडलं तर जनुकीय तपासणी हाताशी असते.

फ्रोझनला, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच ऊतक गोठवून दिलेल्या मताला, असा आधार नसतो. मेंदूचा ऊतक गोठवला की त्यात बर्फाचे स्फटिक होतात आणि पेशींचा आकार बिघडतो, म्हणून सोबत स्क्वॅश स्मिअर (तुकडा काचेवर दाबून पसरवणं) करायचाच. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन थांबलेला असतो. त्याला त्या क्षणी ट्यूमरचं पूर्ण नाव नको असतं. नेमक्या जागी पोचलोय का, अजून काढायचं की थांबायचं, हे हवं असतं. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) वाटला तर सहसा बायोप्सीवर थांबता येतं, कारण उपचार मुख्यतः औषधांनी होतात. ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचा पुंजका) किंवा पू दिसला तर तुकडा कल्चरला गेला पाहिजे, आणि हे त्याच वेळी सांगावं लागतं.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी आणि कचरा गिळणाऱ्या पेशी) शोधा. डिमायलिनेशनचा (मज्जातंतूंवरचं आवरण नष्ट होण्याचा) मोठा चट्टा एमआरआयवर हुबेहूब ट्यूमरसारखा दिसू शकतो. फ्रोझनमध्ये त्यातले फेसाळ मॅक्रोफेज ग्लायल पेशींसारखे (मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींसारखे) भासतात, आणि क्रॉइट्सफेल्ड पेशींमधलं (अशा चट्ट्यात दिसणाऱ्या मोठ्या ग्लायल पेशींमधलं) विखुरलेलं क्रोमॅटिन मायटोसिस, म्हणजे पेशीविभाजन, वाटतं. इथे ग्लिओमा (ग्लायल पेशींचा ट्यूमर) म्हणून मोकळे झालात आणि रुग्णाला रेडिएशन मिळालं, तर आधीच आजारी असलेल्या मेंदूचं आणखी नुकसान होतं. म्हणून स्कॅन स्वतः उघडून बघा आणि स्टेरॉइड दिलेत का ते विचारा. स्टेरॉइडनंतर लिम्फोमाच्या पेशी जवळजवळ नाहीशा होऊ शकतात. मग उरतात मॅक्रोफेज आणि थोड्या टी-पेशी, आणि निदान हातून निसटतं.

ही नजर ब्रेन कटिंगच्या टेबलावर तयार होते. फॉरमॅलिनमध्ये साधारण दोन आठवडे ठेवलेला मेंदू घ्यायचा, एकेक सेंटिमीटरचे काप करायचे, आणि शक्य असेल तर न्यूरॉलॉजिस्ट शेजारी उभा असताना आजाराचा इतिहास आणि समोरचा मेंदू ताडून बघायचा. काल झालेला, महिन्यापूर्वीचा आणि जुना इन्फार्क्ट (रक्तपुरवठा थांबून मेलेला भाग) ज्याने हाताळलाय, त्याला दोन मिलिमीटरच्या बायोप्सीतही तो ओळखता येतो. पार्किन्सन्समध्ये फिका पडलेला सब्स्टॅन्शिया नायग्रा (मेंदूतला एरवी काळसर दिसणारा भाग) एकदा डोळ्यांनी बघितला की विसरत नाही. डिमेन्शियाचं काम तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. वयस्कर रुग्णात हयातीत एकच निदान लिहिलेलं असतं, आणि मेंदूत मात्र बऱ्याचदा अल्झायमरचे बदल, रक्तवाहिन्यांचा आजार आणि ल्युई बॉडीज (पेशींत साचलेले प्रथिनांचे गोळे) एकत्र सापडतात. घरच्यांना आजाराचं खरं उत्तर कधीकधी तेव्हाच मिळतं. ते देणं हे आपलं काम आहे, ते मागे पडू देऊ नका.

मसल बायोप्सीत तुकडा फॉरमॅलिनमध्ये पडला की एन्झाइम हिस्टोकेमिस्ट्री (स्नायूतल्या एन्झाइमचं काम रंगाने दाखवणारी तपासणी) संपली. तो लिक्विड नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये गोठवायचा असतो, आणि हे स्वतःच्या हाताने केल्याशिवाय जमत नाही. जनुकीय तपासण्यांमुळे या बायोप्सी कमी झाल्यात, पण मायोसायटिससारख्या (स्नायूंचा दाह) आजारांत त्या अजूनही लागतात.

कालावधी देशागणिक बदलतो. अमेरिकेत ही फेलोशिप दोन वर्षांची आहे, ब्रिटनमध्ये न्यूरोपॅथॉलॉजी ही स्वतंत्र शाखाच आहे.

अर्ज करण्याआधी तिथल्या सध्याच्या फेलोशी बोला, विभागप्रमुखांशी नंतर. ब्रेन कटिंग किती दिवसांनी होतं, सुरी फेलोच्या हातात असते की तो नुसता बघतो, फ्रोझनला आधी मत कोण देतं, ट्यूमर बोर्डमध्ये (वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर केसवर चर्चा करतात त्या बैठकीत) केस कोण मांडतं, हे विचारा. उत्तरं देताना तो घुटमळला, तर दुसरी जागा शोधा.