तेलाचा डबा किलोचा की लिटरचा?

प्रश्न : आमचा बचत गट दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतो. गावातल्या लाकडी घाण्यावर शेंगदाणा तेल किलोच्या भावाने मिळतं, बाजारपेठेत लिटरचे डबे असतात. कुठलं स्वस्त ते कसं ठरवायचं? शिवाय चकलीचं मोहन कुठे वाटीने सांगतात, कुठे ग्रॅममध्ये. त्याचा हिशेब कसा करायचा?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, आधी एक आकडा पाठ करून टाका, ९१०. एक लिटर शेंगदाणा तेल आपल्याकडच्या हवेत साधारण ९१० ग्रॅम भरतं. सोयाबीन, सूर्यफूल, करडई यांच्यात पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे होतात, ते सोडून द्या. लिटरचे किलो करायचे तर ०.९१ ने गुणायचं, किलोचे लिटर करायचे तर ०.९१ ने भागायचं.

भावाचं मात्र उलटं. लिटरचा भाव ०.९१ ने भागला की किलोचा भाव निघतो. समजा, घाण्यावर किलोला ३०० रुपये आहेत आणि दुकानात लिटरला २८०. ऐकताना दुकानातलं स्वस्त वाटतं. पण २८० ला ०.९१ ने भागलं की जवळजवळ ३०८ रुपये किलो पडतात. म्हणजे घाण्याचं तेलच स्वस्त.

डबा घेताना तर हे बघाच. १५ किलोचा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. पण १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्यापेक्षा एक किलो ३५० ग्रॅम कमी! माझं माहेर किराणावाल्यांचं. वडील भाव सांगायच्या आधी गिऱ्हाईकाला विचारायचे, "किलोचा की लिटरचा?" तुम्हीही दुकानात भावाच्या आधी हेच विचारा. लिटर छापलेल्या डब्यावर वजनही छापावं लागतं. तो ग्रॅमचा आकडा शोधा आणि दोन डब्यांची तुलना त्यावरच करा.

हे सांगायला कारण आहे. तेल तापलं की फुगतं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. काही उत्पादक लिटरच्या आकड्याशेजारी ६० अंशांसारखं तापमान छापत होते, म्हणजे लिटर पूर्ण आणि तेल कमी. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न छापता लिटर आणि वजन दोन्ही द्यायला सांगितलं आणि वेष्टनं बदलायला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो, कारण महिन्याचं तेल मोजून घेणाऱ्या घराला वीस-पंचवीस ग्रॅमही जाणवतात.

आता मोहन. वाटी घरोघरी वेगळी, त्यामुळे फराळाच्या ऑर्डरीला वाटीवर विसंबू नका. मोजायचा चमचा असेल तर मोठा, १५ मिलिलिटरचा, म्हणजे साडेतेरा ग्रॅम तेल. छोटा, ५ मिलिलिटरचा, म्हणजे साडेचार. मी एक किलो भाजणीला १०० ग्रॅम मोहन धरते. पातेली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, तेल ओतून मोजायचं आणि मग कडकडीत करायचं. हा क्रम बदलू नका. कडकडीत तेल मापाने घेतलं तर फुगल्यामुळे वजनात साधारण दहा टक्के कमी येतं आणि चकली कडक होते. उलट मोहन जास्त झालं तर चकली तळणीत विरघळते. दर किलो भाजणीला मोहनाचं तेच वजन ठेवलंत तर गटातल्या कुणीही पीठ भिजवलं तरी चकली सारखीच येईल.

खोबरेल वापरत असाल तर थंडीत ते थिजतं. तेव्हा मापाच्या फंदात पडू नका, सरळ काट्यावर घ्या.