विमानतळावर फोन उघडायला सांगितला तर

ताई, तुमचा मुलगा एमएससाठी अमेरिकेला निघालाय आणि तिथे उतरल्यावर फोन उघडायला सांगितला तर नाही म्हणता येतं का, हा तुमचा प्रश्न. नाही म्हणता येतं, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला त्यापायी परतीच्या विमानात बसवू शकतात. नेटवर फिरणारे ‘ठाम नकार द्या’ छाप सल्ले अमेरिकी नागरिकांसाठी असतात. त्यांचा फोन ठेवून घेतील, पण प्रवेश अडवता येत नाही. आपल्या मुलांना ते कवच नाही, म्हणून ते सल्ले त्याला देऊ नका.

अटक झालेल्या माणसाचा फोन पाहायलासुद्धा वॉरंट लागतं, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं. सीमेवर मात्र विनावॉरंट झडतीची जुनी मुभा आहे. तिथल्या कस्टम्सच्या २०१८ च्या नियमांनुसार अधिकारी हाताने फोन चाळणार असेल तर संशयाचीही गरज नाही. यंत्राला जोडून सगळं उतरवून घ्यायचं असेल, तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, शिवाय वरिष्ठांची मंजुरी. आणि पाहायचं ते फोनमध्ये साठवलेलंच, क्लाउडवरचं नाही; त्यासाठी फोनचं नेटवर्क बंद करून घेतात.

खरी वाट इथेच आहे. फोनमध्ये नसेल ते कुणी पाहू शकत नाही. एकदा त्याची गॅलरी उघडून बघा: आजोबांचे रिपोर्ट, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, बाबांच्या पासबुकाचं पान, बहिणीने विश्वासाने पाठवलेले फोटो. ही माणसं प्रवासाला निघालेली नाहीत, त्यांना कुणी विचारलेलंही नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. निघण्याच्या बऱ्याच आधी हे सगळं क्लाउडवर चढवून फोनमधून काढा, मेलमधून लॉगआउट करा. फोन अगदी कोरा करू नका, त्याने उलट प्रश्न वाढतात. सोशल मीडियाचं ॲप काढून काही लपत नाही. व्हिसाच्या अर्जातच ५ वर्षांतली खाती लिहून दिलेली असतात. अधिकाऱ्याशी खोटं तर मुळीच बोलायचं नाही. उतरण्याआधी फोन पूर्ण बंद करावा, म्हणजे चेहरा किंवा बोट दाखवून उघडत नाही, पासकोडच लागतो. फोन ठेवून घेतलाच तर पावती मागून घ्यावी.

परतताना मुंबईच्या सहार विमानतळावर आपलं कस्टम्स असतं आणि १९६२ चा कस्टम्स कायदा. कलम १०२ पाठ करून ठेवण्यासारखं आहे. अंगझडती घ्यायची असेल तर जवळच्या राजपत्रित कस्टम्स अधिकाऱ्यापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे न्या, असं सांगण्याचा हक्क प्रवाशाला आहे. बाईची झडती बाईच घेणार. अशा झडतीला किमान दोन पंच लागतात. पंचनामा पुढे आला की रात्रीचे तीन वाजलेले असोत, ओळ न् ओळ वाचायची. कोऱ्या जागेवर रेघ मारायला सांगायचं, मगच सही.

कलम १०८ खाली जबाब घेतला तर त्याहून सावध राहा. कस्टम्स अधिकारी पोलीस नसल्याने तो जबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो. दबावाखाली लिहून घेतला असेल, तर वकिलाला गाठून लगेच लेखी मागे घ्या. महिन्यांनी घेतलेल्या माघारीला कोर्टात फारसं वजन उरत नाही.