वाचक विचारतात : नागपूर बघायचं तर वार आणि वेळ बघून

प्रश्न : सोमवारी सकाळी सात वाजता नागपूर स्टेशनवर उतरतो, रात्री परतीची गाडी आहे. सोबत सत्तरीची आई आणि शाळकरी दोन मुलं. काय काय होईल? (सोलापूर)

तुमचा वार अडचणीचा आहे. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, सोमवारी बंद. महाराजबागही बंद. मुलांना प्राणी दाखवतो असं कबूल करून बसू नका, दारावरून परत फिरावं लागेल. एक दिवस पुढे ढकलता आला तर जरूर ढकला, कारण 1863 साली सुरू झालेला अजब बंगला चुकवण्यासारखा नाही.

ढकलता येत नसेल तर सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत, ते घरूनच लावून आणा. मग तर्री पोहे. पोह्यांवर काळ्या हरभऱ्याचा रस्सा घालतात आणि वरचा लालभडक तवंग म्हणजे तर्री. तिखटाचा सगळा जोर या तवंगात असतो. म्हणून आईंच्या आणि मुलांच्या प्लेटसाठी 'तर्री नको, खालचा रस्सा आणि चणे द्या' असं आधीच सांगा. एकदा तर्री पडली की लिंबू पिळूनही तिखटपणा उतरत नाही.

दीक्षाभूमी ऊन चढायच्या आत करा. मेट्रोने सीताबर्डीला गाडी बदलून रहाटे कॉलनीला उतरा आणि पुढे रिक्षा करा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच धम्मदीक्षा घेतली. बाहेरून भरीव वाटणारा स्तूप आतून पोकळ आहे. आत गेल्यावर बोलणं थांबवून दहा मिनिटं नुसतं बसावं, ही आमची आग्रहाची विनंती. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हाळ्यात दुपारी फरशीवर पाय ठेववत नाही. आईंसाठी पायमोजे जवळ असू द्या.

भर दुपार रमण विज्ञान केंद्रात घालवा. ते सोमवारीही उघडं असतं आणि मुलं तिथून लवकर हलत नाहीत. तारांगणाचं तिकीट काढताना पुढचा खेळ मराठीत आहे की हिंदीत, हे खिडकीवर विचारून घ्या. संध्याकाळी फुटाळा तलावावर सूर्यास्त बघा. आई थकल्या असतील तर फुटाळा सोडा आणि मेट्रोच्या ॲक्वा लाइनने लोकमान्य नगरपर्यंत जाऊन परत या. अंबाझरी तलाव गाडीच्या खिडकीतूनच दिसतो. झिरो माईलच्या दगडी खांबापाशी मात्र पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. तो वाटेत उरका.

प्रश्न : सीताबर्डीचा किल्ला आतून बघायचा आहे. तिकीट कुठे मिळतं? (अमरावती)

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्यामुळे रोज जाता येत नाही. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट या तीन दिवशी तो लोकांसाठी खुला होतो. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई या टेकडीवर झाली. वर सावली कमी आहे आणि रांग मोठी असते, त्यामुळे 1 मेला जाणार असाल तर सकाळीच पोहोचा. ओळखपत्र जवळ ठेवा.

प्रश्न : संत्री कधी घ्यावीत? मागच्या वेळी घरी येईपर्यंत निम्मी सडली. (पुणे)

दोन बहार असतात. आंबिया साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येतो, मृग फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबियाच्या फळाची साल थोडी हिरवट असली तरी आत गोडी असते, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. फळ हातावर तोलून बघा. आकाराच्या मानाने जड असलेलं रसाळ निघतं. साल फुगून फोडींपासून सुटलेली असेल तर आत फोडी कोरड्या निघण्याची शक्यता फार.

फळं सडतात ती बहुधा प्लास्टिकच्या पिशवीमुळे. बंद पिशवीत दमटपणा साचतो, सालीला जिथे खरचटलेलं असतं तिथून बुरशी शिरते आणि शेजारच्या फळांनाही लागते. भोकं असलेलं खोकं घ्या, तळाला वर्तमानपत्र घाला, देठाजवळ मऊ पडलेलं फळ तिथल्या तिथे बाजूला काढा. ओली फळं भरू नका. घरी पोहोचल्यावर खोकं लगेच उघडून फळं पसरून ठेवा.

प्रश्न : रामटेक अर्ध्या दिवसात होतं का? (नाशिक)

होतं. अंतर पन्नासेक किलोमीटर आहे, पण निघायला उशीर नको. गडावर गाडी जाते. पायऱ्यांनी चढायचं असेल तर अंबाळा तलावाकडून चढा. माकडं धीट आहेत. नारळ-प्रसाद हातात न धरता चेन असलेल्या पिशवीत ठेवा. राममंदिरासोबत वाकाटककालीन नरसिंहाची दोन मंदिरंही पाहा. बहुतेक लोक त्यांच्यावरून सरळ पुढे निघून जातात, आणि गडावरचं सगळ्यात जुनं बांधकाम बघायचं राहून जातं.